मास्तर हलले नव्हते

माझे दाजी कपडे कापायचे. शिवायचे नाहीत, कापायचे. हा फरक त्यांना फार मोठा वाटे. कुणी शिंपी म्हटलं तर रागवत नसत, पण दुरुस्त केल्याशिवाय पुढं बोलत नसत. "शिंप्याचं चुकलं तर उसवता येतं," म्हणायचे. "माझं चुकलं तर चिंध्या."

आमचा कारखाना गणवेशांचा. शाळांचे, पहारेकऱ्यांचे, दवाखान्यांचे. तळमजल्यावर कापायचं लांबलचक टेबल, वर शिवणयंत्रांच्या चार रांगा आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत मी, माझी इस्त्री आणि वाफ. मला तिथं चिकटवलं ते दाजींनीच. ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत दुसऱ्यांदा आपटलो होतो आणि घरात कुणी माझ्याकडे बघून सरळ बोलत नव्हतं. दाजींनी मला कारखान्यात नेलं, मालकाला म्हणाले, "माझा मेहुणा आहे. डोकं बेताचं आहे, पण हाताला भाजत नाही." त्या शिफारशीवर माझी पंचवीस वर्षं निघाली.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. कापडाचे साठ थर एकावर एक घालायचे, वर कागदाचा फर्मा, खडूची रेघ, आणि मग उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून ढकलत न्यायचं. मशीन चालू असलं की मास्तर म्हणजे भिंत. त्यांच्याशी बोलायचं नाही, समोरून जायचं नाही. एकदा बाहीचा गोल कापताना त्यांच्या मानेवर गांधीलमाशी बसली. मी समोरच होतो. ती कानाखाली डसली ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी गोल पुरा केला, मशीन बंद केलं, ते सरळ उभं ठेवलं आणि मग मानेला हात लावला. तोवर कानाची पाळी टम्म झाली होती.

"अहो दाजी, झटकायची तरी."

"साठ बाह्या गेल्या असत्या," ते म्हणाले आणि तंबाखू मळून जखमेवर लावतो म्हणणाऱ्याला त्यांनी हातानंच लांब केलं.

फार गोड माणूस होता असं मी म्हणणार नाही. हेकट होते. कुणाच्याही घरी गेले तरी पाहुण्यांच्या पाठीमागे उभे राहून कोटाची शिवण बघायचे आणि नाक मुरडायचे. ताईशी अबोला धरला तर आठवडा आठवडा. पण खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. खोटं बोलायला थोडी लवचिकता लागते, ती त्यांच्यात नव्हती.

त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचा पट्टा दोन भोकं पुढं गेला. आम्ही म्हटलं, सुखानं पोट सुटलंय. मग संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायला लागले. मग पोट असं तट्ट झालं की टेबलावर वाकताच येईना. दवाखान्यात सांगितलं, लिव्हर दगडासारखं झालंय आणि पोटात पाणी साचतंय. कारण शोधलं तेव्हा जुनी गोष्ट निघाली. सव्विसाव्या वर्षी त्यांचं जठराच्या जखमेचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलेलं. त्यातून काविळीचा एक प्रकार आत शिरला आणि सत्तावीस वर्षं मुकाट्यानं लिव्हर कुरतडत बसला. तो जंतू मारायचं औषध आता निघालंय. दाजींना ते दिलं, जंतू मेलाही. पण घर पुरतं जळाल्यावर आग विझावी तसं झालं.

हे सगळं मी सांगतोय, कारण ऐकायची कुणाची तयारी नव्हती. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट. वरच्या मजल्यावरचे मशीनवाले गालातल्या गालात हसत. "मास्तर, आम्हाला न बोलावता घेत होतात होय." ज्या माणसानं आयुष्यात थेंबाला हात लावला नाही, त्यानं हे ऐकून घ्यायचं. दवाखान्याच्या कागदावर तर पहिल्याच पानावर एक रकाना होता. भाची, म्हणजे त्यांची मुलगी, तो वाचून दाखवत होती. ती एका ग्रंथालयात कामाला, कागद वाचायचं काम घरात तिचंच.

"मद्यपान," ती म्हणाली. "नाकारतो."

"काय करतो?"

"नाकारतो असं लिहिलंय, बाबा."

"पीत नाही, असं नाही लिहिलं?"

"त्यांची लिहायची पद्धतच तशी असते."

दाजींनी कागदाची घडी घातली. "म्हणजे चोरानं चोरी नाकारावी तसं," म्हणाले आणि जेवायला बसले.

दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला लागायचं. ताई सकाळी पाळणाघरात कामाला जायची, भाचीला रजा मिळायची नाही, म्हणून मी जायचो. दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली होती. सहा खाटा, मधे हिरवे पडदे, धुऊन धुऊन आखडलेले, गुडघ्याएवढेच. दारात वजनकाटा. जाताना वजन, येताना वजन. सात-आठ लिटर पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये उतरायचं आणि दाजी डोक्यावरचं ओझं उतरवलेल्या हमालासारखे जिना उतरायचे. तेवढे दोन दिवस ते पोटभर जेवायचे, कुशीवर झोपायचे. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा भरती.

पहिली दीड वर्षं हे काम थोरल्या डॉक्टरांकडे होतं. पांढरे केस, जाड चष्मा, बोलणं कमी. ते आधी बोटांनी पोट वाजवून बघायचे, कलिंगड बघतात तसं. मग चाकांवरचं सोनोग्राफीचं मशीन ढकलत आणायचे. मग डाव्या बाजूच्या कमरेच्या हाडाचं टोक चाचपून तिथून दोन बोटं वर, दोन बोटं आत मोजायचे आणि पेनानं खूण करायचे. दाजींना ते मोजणं फार आवडलं. पहिल्यांदाच एखाद्या माणसाचं काम पसंत पडल्यासारखं त्यांनी विचारलं, "इथंच का?"

"याच्या आत गेलं तर एक शीर आहे," थोरले डॉक्टर म्हणाले. "मांडीकडून वर चढते, पोटाच्या भिंतीतून, दोन्ही बाजूंना. शुद्ध रक्ताची. तिला भोक पडलं तर भिंतीतल्या भिंतीत रक्त साठत जातं आणि तुमच्यासारख्याचं रक्त लवकर गोठत नाही. म्हणून तिच्या बाहेरून जायचं."

"शिवणीपासून मार्जिन सोडायचं."

"तसंच."

घरी येताना दाजी मला म्हणाले, "बघ, हा माणूस कापण्याआधी आखतो."

मग थोरले डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवीन डॉक्टर आले. वयानं लहान, तिशीच्या आतले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. थकलेला होता. डोळे तांबारलेले, हातात अर्धी खाल्लेली बिस्किटं. पहिल्या वेळी सगळं ठीक झालं. दुसऱ्या वेळी खोलीबाहेर बाकावर सात जण बसले होते आणि दुसऱ्या वॉर्डातून कुणीतरी डॉक्टरांना सारखं फोनवर बोलवत होतं.

मी संमतीच्या कागदावर सही केली. सिस्टरनं मला पडद्याबाहेर काढलं. मी समोरच्या स्टुलावर बसलो. पडदा आखूड आणि खाटेपासून जरा सुटलेला, त्यामुळे खाटेच्या टोकाला दाजींचे पाय तेवढे दिसत होते. मोजे काढलेले, टाचा भेगाळलेल्या.

आतून दाजींचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, नेहमी जरा बाहेरच्या अंगाला टोचतात. जुने ठिपके आहेत बघा."

"एकाच जागी किती वेळा टोचणार? तिथं आतडं चिकटलेलं असू शकतं."

"मग मशीन लावून बघता का? थोरले डॉक्टर बघायचे."

"मशीन खालच्या मजल्यावर नेलंय. मागवलं तर दुपार होईल. बाहेर किती जण बसलेत पाहिलंत ना?"

"पण आतल्या अंगाला शीर आहे म्हणतात."

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"कटिंग मास्तर आहे."

"मग कापडाचं तुम्ही बघा, पोटाचं मी बघतो." ते हसले. सिस्टरही हसल्या. दाजीही जरासे हसले. समोरच्याच्या हातात सुई असली की माणूस हसतो.

"आता हलू नका."

मी त्या पायांकडे बघत होतो. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. सुई आत गेली असणार, कारण दाजींनी श्वास धरल्याचं मला कळलं. पंचवीस वर्षं त्यांना मशीनवर श्वास धरताना ऐकलेलं. पायाचं बोटसुद्धा हललं नाही. अंगठे छताकडे, तसेच्या तसे. मग डॉक्टर हळूच "अरे" म्हणाले. फार हळू, स्वतःशी. पडद्याखालून कॅनमध्ये येणाऱ्या नळीत पिवळं पाणी वाहत होतं, ते आधी गुलाबी झालं, मग लाल.

पडदा सरकला. डॉक्टरांनी सुई काढून वर कापसाचा बोळा ठेवला होता. "बारीकशी शीर लागलीय. होतं असं. जरा दाबून धरा, थांबेल." आणि माझा हात धरून त्यांनी त्या बोळ्यावर ठेवला. मग त्यांचा फोन वाजला आणि ते गेले.

मी दाबून धरलं. माझ्या तळहाताला भाजत नाही, पण कळतं सगळं. कापडाखाली एखादी सुरकुती राहिली तरी कळते. पाचेक मिनिटांत माझ्या हाताखाली काहीतरी घट्ट होत चाललं होतं. आधी लिंबाएवढं, मग मुठीएवढं. मी सिस्टरना हाक मारली. त्या पलीकडच्या खाटेवर होत्या. आल्या, बोळा उचलून बघितला. बाहेर रक्त नव्हतं.

"थांबलंय की. सूज येते थोडी."

मी पुन्हा दाबलं. ती गाठ आता ताटलीएवढी पसरली होती आणि कातडी कुशीकडे निळी पडत चालली होती. दुसऱ्यांदा हाक मारली. "डॉक्टरांना निरोप दिलाय," त्या म्हणाल्या. दाजी माझ्याकडे बघत होते. "गार वाटतंय," म्हणाले. मग म्हणाले, "नेहमीच्या खुणेपासून दोन बोटं आत टोचलं त्यानं. मला कळलं." कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. तिसऱ्यांदा मी हाक मारली नाही, ओरडलो. सिस्टरनं त्यांचा चेहरा पाहिला, रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि आकडा बघून अशा पळाल्या, की चपला तिथंच राहिल्या.

चाळीस मिनिटं झाली होती. भिंतीवर घड्याळ होतं, मी अंदाजानं बोलत नाहीये.

पुढचं दवाखान्यातल्या इतर मोठ्या डॉक्टरांनी नीट केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. खाली नेलं, फोटो काढले, मांडीच्या सांध्यातून केसासारखी तार आत घालून फुटलेली शीर आतून बुजवली. पाच बाटल्या रक्त दिलं. रक्ताची पहिली बाटली टांगताना दाजी शुद्धीवर होते. "या वेळी तपासलेलं आहे ना?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर देण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

ते जगले. पण त्या रक्तस्रावात मूत्रपिंडांना मार बसला. लिव्हर बदलण्यासाठी थांबलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, ते मूत्रपिंडं सुधारेपर्यंत तात्पुरतं बाजूला काढलं. तात्पुरतं हा शब्द ताईनं घट्ट धरून ठेवला. शेजारीपाजारी कुणी विचारलं की आधी तेवढाच सांगायची.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी भाची दवाखान्याचे कागद वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"काय झालं?"

"काही नाही, बाबा."

"वाच."

तिनं वाचलं. पाणी काढताना रुग्णानं अचानक हालचाल केल्यामुळे पोटाच्या भिंतीतील धमनीस इजा झाली.

"परत वाच."

तिनं परत वाचलं. दाजी उशीला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी भर बाजारात तोंडात मारली. माझ्याकडे बघून म्हणाले, "मी हललो?"

"नाही."

"तू होतास ना तिथं?"

"पाय दिसत होते, दाजी. नाही हलले."

त्या दिवसापासून त्यांनी एकच गोष्ट धरली. नुकसानभरपाई नको, कुणाला शिक्षा नको, ते एक वाक्य तिथून काढा. ताई म्हणाली, "जाऊ द्या हो. जिवंत आहात ना?" ते म्हणाले, "मी हलतो असं लिहिलेला माणूस जिवंत आहे. मी नाही." ताईनं त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला. पहिल्यांदाच तिनं.

भाचीनं अर्ज लिहिला. तीन अर्जांनंतर बोलावणं आलं. अधीक्षक बाईंची खोली, टेबलावर काच, काचेखाली कुणाच्या तरी नातवंडांचे फोटो. एका बाजूला नवीन डॉक्टर, शेजारी त्या दिवशीच्या सिस्टर. आम्ही तिघं समोर. दाजींना तेवढा जिना चढून दम लागला होता, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीच केली होती.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी पाणी मागवलं, तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "हे बघा, यात चूक अशी कुणाचीच नसते. कितीही काळजी घेतली तरी हजारात एखाद्याला असं होतं."

"होतं ना?" दाजी म्हणाले. "मग तसं लिहा. हजारात एखाद्याला होतं, याला झालं. मी सही करतो खाली. पण मी हललो असं का लिहिलं?"

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "मला तसं जाणवलं."

"सुई हलली की मी?"

बाई सिस्टरकडे वळल्या. "तुम्ही तिथं होतात. काय आठवतं?"

सिस्टरनं पदर नीट केला. "मी कापूस घ्यायला वळले होते, मॅडम. त्या क्षणाचं मला नक्की आठवत नाही."

मी म्हणालो, मी पाहिलं. कुठून पाहिलं, त्यांनी विचारलं. मी पडद्याचं सांगितलं, पायांचं सांगितलं. डॉक्टर प्रथमच माझ्याकडे बघून बोलले. "पाय हलले नाहीत म्हणजे पोट हललं नाही, असं होत नाही." ते खरं होतं. मी इस्त्रीवाला. आजही आंघोळ करताना मला वाक्यं सुचतात, चांगली सुचतात. त्या दिवशी एकही सुचलं नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, एकदा नोंदलेलं खोडता येत नाही, तसा नियम आहे. पण त्याखाली आणखी एक ओळ घालता येईल. दाजी म्हणाले, घाला. पंधरा दिवसांनी नवा कागद आला. भाचीनं तो आधी एकटीनं वाचला आणि मग माझ्या हातात दिला. हालचाल केल्याचे रुग्ण नाकारतो.

आम्ही तो दाजींना दाखवायला नको होता. पण त्यांनी मागितला.

एवढं झाल्यावर दुसऱ्या दवाखान्यात जायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. दुसरा होता, बसनं अडीच तासांवर. ते पोट घेऊन दर पंधरा दिवसांनी अडीच तास जाणं आणि अडीच तास येणं झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही त्याच खोलीत जात राहिलो. पाणी काही कुणाच्या रागासाठी थांबत नव्हतं.

पहिल्याच खेपेला सिस्टरनं आणखी दोघांना हाक मारली. त्यातला एक वॉर्डचा मदतनीस, उंच, धिप्पाड. तो येऊन खाटेच्या डोक्याशी उभा राहिला आणि त्यानं दाजींचे दोन्ही खांदे धरले. दुसऱ्यानं गुडघे.

"हात काढ," दाजी म्हणाले.

"वर लिहिलंय, मास्तर."

"कुठं?"

फाइलच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं लिहिलं होतं. हालचाल करतो, धरून ठेवावे. त्या वाक्यावरून कुणीतरी पुढच्याच्या सोयीसाठी उतरवून ठेवलं होतं. मन लावून काम करणाराच कुणीतरी असणार.

"मी हलत नाही," दाजी म्हणाले.

"बरोबर आहे," मदतनीस म्हणाला, समजूत काढायच्या आवाजात, आणि हात तसेच ठेवले.

त्यानंतर प्रत्येक वेळी असंच. बाकी पाच खाटांवर माणसं आपापली पडून असत. डासाला हात मारत, खोकत, कुरकुरत. त्यांना कुणी धरत नसे. दाजींना धरत. ते छताकडे बघत पडून राहायचे आणि मी आता पडद्याच्या आत उभा राहायचो, कारण मला बाहेर थांबायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांचं पोट मी बघायचो. श्वासानं वरखाली होण्यापलीकडे त्यात काही हलत नव्हतं. एकदा नवीन डॉक्टरच सुई घालायला होते. त्यांनी मशीन आणलं होतं, नीट बघितलं, दोन बोटं मोजली, बाहेरच्या अंगाला टोचलं. मग भराभर नळी जोडायला लागले. दाजी त्यांना म्हणाले, "घाई करू नका. मी आहे इथंच." डॉक्टरांनी मान वर केली नाही. कानापर्यंत लाल झाले होते, तेवढं मी पाहिलं. तेव्हा ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. नाही बोलले.

पाचव्या-सहाव्या महिन्यात लिव्हरचं विष डोक्याकडे चढायला लागलं. दाजींना दिवसा झोप यायची, शब्द चुकायचे. हात पुढं करायला सांगितले की पंजे पाखरासारखे फडफडायचे. एकदा त्यांनी हट्टानं मला कारखान्यात न्यायला लावलं. त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस होता. त्यानं अदबीनं मशीन बंद केलं, खडू पुढं केला, म्हणाला, "मास्तर, एक रेघ मारून द्या." दाजींनी खडू घेतला, कापडावर टेकवला आणि रेघ मारली. सगळे बघत होते. ती रेघ सरळ नव्हती. त्यांनी ती हातानं पुसली, खडू त्याला परत दिला आणि मला म्हणाले, "चल." वरून जिन्यात उभे राहून बघणाऱ्यांपैकी त्या दिवशी कुणी हसलं नाही. पण मला त्याचं काही बरं वाटलं नाही.

शेवटच्या वेळी पाणी काढलं तेव्हा ते खरंच हलले. अंगातच थरथर होती, थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. मदतनिसानं खांदे दाबले, दुसऱ्यानं गुडघे, आणि सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, "हे हलतात, जरा सांभाळून." दाजींची शुद्ध येत-जात होती, पण हे त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता खरं झालं त्यांचं."

आठवड्यानं, सकाळी, ताई त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. मूत्रपिंडं सुधारली नाहीत, नाव यादीत परत आलं नाही. मृत्यूच्या कागदावर लिव्हरचं कारण होतं. शिरेचा उल्लेख नव्हता. ते वाक्यही नव्हतं आणि त्याखालची ओळही नव्हती. एका अर्थी ते निघालं म्हणायचं.

ही झाली तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या महिन्यात मी बसची वाट बघत थांब्यावर उभा होतो. शेजारी एक बाई येऊन थांबल्या. साध्या कपड्यांत असल्यामुळे मी ओळखलं नाही. त्यांनीच विचारलं, "तुम्ही मास्तरांचे मेहुणे ना?"

त्या सिस्टर. निवृत्त झाल्या होत्या, दोन महिने झालेले. घरचं सगळं बरं आहे का, ताई कशा आहेत, हे सगळं विचारून झालं. बस येत नव्हती. मग रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "ते हलले नव्हते. मी कापूस घ्यायला वळले नव्हते. मी त्यांचा हात धरून उभी होते."

मी त्यांच्याकडे वळलो.

"माझी नोकरीची तीन वर्षं राहिली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही समजू शकाल."

"लिहून द्याल?"

"आता कशाला? माणूसच नाही." मग मला बरं वाटावं म्हणूनच असेल, त्यांनी सांगितलं की नवीन डॉक्टर आता मोठ्या ठिकाणी गेलेत, शिकवतात. "फार चांगलं शिकवतात म्हणे. मुलांना आधी ती शीरच दाखवतात. मशीन लावल्याशिवाय टोचू देत नाहीत. शिकले ते त्यातून."

त्यांची बस आली. चढायच्या आधी त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. मी तो झटकला नाही. झटकायला हवा होता, असं नंतर दिवसभर वाटत राहिलं.

तिथून मी सरळ ताईकडे गेलो. ती पाळणाघरातून नुकतीच आली होती, पोरांची दुपटी दोरीवर टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं, जसंच्या तसं. ती दुपटी झटकत राहिली. सगळी टाकून झाल्यावर म्हणाली, "हे मला कशाला सांगायला आलास?"

"तुला कळावं म्हणून."

"मला माहीत नव्हतं? शेजारी निजायचे ते माझ्या. रात्रभर कूससुद्धा बदलायचे नाहीत." ती आत गेली, हात धुऊन आली. "त्या बाईनं त्यांना सांगायचं होतं. खाटेपाशी उभीच होती ना दर पंधरा दिवसांनी? कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. नोकरी गेली नसती तेवढ्यानं."

"हो."

"पुन्हा भेटली तर तिच्यापुढं माझं नाव काढू नकोस. बरी आहे म्हणूनही सांगू नकोस."

बरं, म्हणालो. ती ताटं मांडायला लागली. मी जेवून निघालो. दुसऱ्या दिवशी कामावर शाळेच्या गणवेशांचा मोठा गठ्ठा आला होता, त्यात एकाही शर्टाच्या दोन्ही बाह्या सारख्या नव्हत्या. मी त्या तशाच इस्त्री करून दिल्या.